घटक ६ : सदोष संगणक, वॉरंटी आणि ग्राहकाचा तक्रार-अर्ज

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर संगणक, लॅपटॉप किंवा प्रिंटर सदोष निघाल्यास कायद्याने ग्राहकाला कोणते हक्क दिले आहेत, हे तुम्हांला सांगता येईल. ‘दोष’, ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या संज्ञांतील भेद तुम्हांला स्पष्ट करता येईल. तसेच दुकानदार, कंपनी आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग यांना उद्देशून नेमक्या मराठीत तक्रार-अर्ज लिहिता येईल.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराचा अभ्यास केला. तक्रार-अर्ज हा त्याच कुळातला लेखनप्रकार आहे; मात्र त्याचे एक वेगळेपण आहे. विनंती-अर्ज फसला तर विनंती अमान्य होते. तक्रार-अर्ज फसला तर कायद्याने दिलेला हक्क हाती असूनही निसटतो. म्हणूनच या घटकात भाषेबरोबर थोडा कायदाही आपल्याला शिकावा लागणार आहे.

विवेचनासाठी आपण गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा हे तालुक्याचे गाव डोळ्यांसमोर ठेवू. सती नदीच्या काठचे हे गाव. जवळचे रेल्वेस्थानक वडसा, आणि नामांकित कंपन्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रासाठी बहुधा नागपूरच गाठावे लागते. पुण्यात किंवा ठाण्यात लॅपटॉप बिघडला तर माणूस तो पाठीवरच्या पिशवीत टाकून संध्याकाळी सेवाकेंद्रात नेऊन देतो. कुरखेड्यातील माणसाला त्यासाठी एक दिवसाची मजुरी, एस. टी. चे जाण्यायेण्याचे भाडे आणि पुन्हा आणायला जाण्याचा दुसरा दिवस एवढा खर्च येतो. वॉरंटीपत्रावर छापलेले ‘मोफत दुरुस्ती’ हे शब्द दोघांनाही सारखेच लागू असतात. त्यांची किंमत मात्र दोघांना सारखी पडत नाही. परीक्षेचा अर्ज भरणे, सातबारा काढणे, शिष्यवृत्तीची कागदपत्रे चढवणे ही कामे करून पोट भरणाऱ्या केंद्रचालकाचा एकुलता एक संगणक महिनाभर नागपुरात अडकून पडला, तर त्याचे काय होते, याचा विचार तुम्ही स्वतः करून पाहा. तुमच्यापैकी अनेकांनी या अभ्यासक्रमाचा प्रवेश-अर्जही अशाच एखाद्या केंद्रातून भरला असेल.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ ग्राहक कोणाला म्हणावे?

महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची परंपरा कायद्याहून जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्यानंतर अकरा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. आज लागू आहे तो ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्याच्या दारात शिरताना पहिलाच प्रश्न विचारला जातो, तो असा : तुम्ही ‘ग्राहक’ आहात काय? मोबदला देऊन स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरतो, मग खरेदी दुकानातून असो वा ऑनलाइन. पुनर्विक्रीसाठी किंवा ‘व्यापारी प्रयोजना’साठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. येथे आपला केंद्रचालक थबकतो. त्याने संगणक घेतला तो कमाईसाठीच. मग त्याला या कायद्याचा आधार नाही काय?

आधार आहे, आणि त्यामागचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात एक स्पष्टीकरण जोडले गेले. केवळ स्वयंरोजगाराच्या मार्गाने उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणे, हे व्यापारी प्रयोजन मानले जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे. या स्पष्टीकरणाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या निकालात उलगडला. सदोष यंत्राबद्दलचे ते प्रकरण होते. महाराष्ट्र राज्य आयोगाने खरेदीदाराच्या बाजूने दिलेला आदेश राष्ट्रीय आयोगाने रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्या खरेदीदाराला ग्राहक मानले नाही. कारण यंत्राचे स्वरूप आणि किंमत पाहता ती खरेदी व्यापारी प्रयोजनासाठीच होती. खरेदीदार हरला, परंतु त्याच निकालात न्यायालयाने टंकलेखन यंत्राचे आणि टॅक्सीचे उदाहरण घेऊन लहान माणसाची वाट मोकळी केली. दुसऱ्यांचे मजकूर टंकून देऊन उपजीविका करणारा टंकलेखक ते यंत्र स्वतः चालवत असेल तर तो ग्राहकच आहे. मदतीला एकदोन माणसे असली तरी त्याचे ग्राहकपण जात नाही. मात्र यंत्र घ्यायचे आणि ते पूर्णपणे दुसऱ्याकरवी चालवून घ्यायचे, तर ते जाते. पुढे २०१८ मध्ये पॅरामाउंट डिजिटल कलर लॅब प्रकरणात छायाचित्रे छापण्याचे यंत्र उपजीविकेसाठी घेणाऱ्या खरेदीदारांनाही सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मानले.

टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक ठेवा. कुरखेड्याच्या केंद्रचालकाला त्याचे उत्तर मिळते. यातून लेखनासाठी एक नियम निघतो. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ‘सदर संगणक तक्रारदाराने स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी घेतला असून तो स्वतः त्याचा वापर करतो’ हे वाक्य असलेच पाहिजे. ते सुटले, तर विरुद्ध पक्षाचा वकील पहिला आक्षेप तेथेच घेईल. आणि हौसेने ‘आमच्या फर्मचा व्यवसाय मोठा आहे’ असे लिहिणे तर स्वतःच्या हाताने दार लावून घेण्यासारखे आहे.

६.२.२ तीन संज्ञा

कायद्याच्या भाषेत ‘दोष’ वस्तूत असतो आणि ‘त्रुटी’ सेवेत असते. गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांतील उणीव म्हणजे दोष. लॅपटॉपचा पडदा दुसऱ्या आठवड्यात काळा पडला, हा दोष. तो दुरुस्तीला दिल्यावर चाळीस दिवस कोणी हात लावला नाही, ही सेवेतील त्रुटी. ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणे, हेसुद्धा २०१९ च्या कायद्याने त्रुटीच्या व्याख्येत आणले आहे. सुटा भाग यापुढे बनत नाही हे कंपनीला ठाऊक असताना ‘पार्ट मागवला आहे’ असे दोन महिने सांगत राहणे, हे त्याचे चांगले उदाहरण होईल.

तिसरी संज्ञा ‘अनुचित व्यापारी प्रथा’. पावती न देणे हीच मुळी अशी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार देणे, हीसुद्धा. पावतीत त्यासाठी मुदत छापलेली असेल तर ती मुदत, नसेल तर तीस दिवस, अशी कालमर्यादा कायद्याने सांगितली आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही आपल्याकडच्या पावत्यांवरील अतिपरिचित ओळ सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवत नाही.

विद्यार्थी अनेकदा या तिन्ही संज्ञा एकाच वाक्यात गुंफून टाकतात. तसे करू नका. कोणत्या घटनेला कोणती संज्ञा लागू पडते ते वेगवेगळे लिहा. कारण प्रत्येकीची जबाबदारी वेगळ्या पक्षावर पडू शकते. दोषाची जबाबदारी मुख्यतः निर्मात्याची, पावती न देण्याची विक्रेत्याची, दिरंगाईची सेवाकेंद्राची. म्हणूनच तक्रारीत विक्रेता, निर्माता आणि सेवाकेंद्र या तिघांनाही पक्ष करणे शहाणपणाचे असते. अन्यथा हजर असलेला पक्ष गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

६.२.३ वॉरंटीपत्राचे वाचन

मराठीत ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’ या दोहोंसाठी ‘हमी’ हा एकच शब्द चालतो, आणि घोटाळ्याला तेथूनच आरंभ होतो. व्यवहारात गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून देण्याची हमी आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देण्याची हमी, असे दुकानदार सांगतात. हा व्यवहाराचा संकेत आहे. कायद्यातील हक्क या दोन शब्दांवर अडलेला नाही. वस्तू दुरुस्त होतच नसेल तर ‘आमची फक्त वॉरंटी आहे’ या उत्तराने प्रश्न मिटत नाही. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो.

खरेदीपूर्वी वॉरंटीपत्रात दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, सेवा कोठे मिळणार. तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र घेऊन आपण जायचे, याचा उल्लेख तेथे असतो. ‘घरपोच सेवा’ असे लिहिले असले तरी ती ‘निवडक पिनकोडांपुरती’ असल्याची ओळ बारीक अक्षरात पुढच्या पानावर असू शकते. विक्रेत्याने तोंडी ‘कुरखेड्याला माणूस येईल’ असे सांगितले असेल, तर तेवढे एक वाक्य त्याच्याकडून पावतीवरच लिहून घ्यावे. दुसरी गोष्ट, अपवाद. बॅटरी व चार्जर यांची मुदत बहुधा कमी असते; द्रव सांडणे, आपटणे आणि अनधिकृत माणसाने यंत्र उघडणे हे अपवाद जवळपास सर्वत्र आढळतात.

वनक्षेत्रातील ग्राहकाला एक अपवाद विशेष अडचणीचा ठरतो : ‘विद्युतदाबातील चढउतारामुळे झालेला बिघाड’. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावात हे कारण पुढे करणे फार सोपे असते. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा कारण लेखी मागावे. कोणता भाग जळाला, तो विद्युतदाबामुळेच जळाला हे कशावरून ठरवले, याचे उत्तर कागदावर आले पाहिजे. अपवादाचा आधार जो घेतो त्याने तो सिद्ध करावा, अशी अपेक्षा ग्राहक-न्यायात सर्वसाधारणपणे केली जाते. तुम्ही यू. पी. एस. किंवा स्टॅबिलायझर घेतला असेल तर त्याची पावती जपून ठेवा. येथे ती फार उपयोगी पडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
तुमच्या घरातील कोणत्याही एका विद्युत उपकरणाचे वॉरंटीपत्र घ्या. त्यातील अपवाद तुमच्या शब्दांत, शंभर शब्दांत लिहा. कोणता अपवाद तुमच्या गावाच्या परिस्थितीत सर्वाधिक अडचणीचा ठरेल?

६.२.४ पुरावा जमवणे

यंत्र दुरुस्तीला देताना मिळणारी जॉबशीट हा या सर्व प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद होय. दुकानातील माणूस त्यावर घाईघाईने ‘चालू होत नाही’ एवढेच लिहितो. तुम्ही त्याला थांबवून पूर्ण वर्णन लिहायला लावा : केव्हापासून, किती वेळा, कोणते काम करताना, यंत्राचा अनुक्रमांक, बाहेरून ओरखडा वा तडा नसल्याची नोंद. ही शेवटची नोंद नसेल, तर पुढे ‘यंत्र आपटलेले होते’ असे म्हणायला वाव राहतो. एकच दोष तीनदा उद्भवला आणि तिन्ही जॉबशीट तुमच्याकडे असतील, तर दोष मुळातला असल्याचे दाखवायला त्या मोठा आधार देतात. एरवी निर्मितीतील दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो. ज्या दोषाची खात्री तपासणीशिवाय होऊ शकत नाही, अशी वस्तू आयोग योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवतो.

अलीकडच्या काळात आणखी एक सावधगिरी आवश्यक झाली आहे. तक्रार बंद करण्यासाठी सेवाकेंद्र तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवते. ‘साहेब, तेवढा नंबर सांगा, पार्ट आला की नवीन कॉल टाकतो’ असे आर्जव होते. तो नंबर सांगताच ग्राहकाचे समाधान झाल्याची नोंद कंपनीच्या दप्तरी होते आणि प्रलंबित दिवसांची गणती शून्यावर येते. यंत्र चालवून पाहिल्याशिवाय ओटीपी देऊ नये. फोनवरील संभाषणानंतर त्याच दिवशी ‘आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार…’ असा ईमेल पाठवण्याची सवय लावून घ्यावी. बोललेले शब्द त्यामुळे कागदावर येतात. यंत्र देण्यापूर्वी त्यातील माहितीची प्रत काढून ठेवणे हे तुमचेच काम आहे, कारण माहिती नष्ट झाल्याची जबाबदारी बहुतेक वॉरंटीपत्रे नाकारतात.

६.२.५ अर्जाची भाषा

आता मूळ लेखनाकडे वळू. पुढील काल्पनिक अर्ज वाचा.

“मी आपल्या दुकानातून लॅपटॉप घेतला होता. तो पहिल्यापासूनच बेकार आहे. कितीतरी वेळा फोन केले, परंतु कोणी दखल घेत नाही. आपण माझी घोर फसवणूक केली असून आपल्यासारख्यांमुळे गरिबाचे जगणे कठीण झाले आहे. तरी योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.”

या अर्जातील संताप खरा आहे. तरीही वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. ‘घेतला होता’ म्हणजे कधी? ‘बेकार’ म्हणजे काय होते? ‘कितीतरी वेळा’ म्हणजे किती? ‘योग्य ती कार्यवाही’ हा तर आपल्या कार्यालयीन मराठीतील सर्वांत निरुपयोगी शब्दसमूह म्हणावा लागेल. योग्य काय ते ठरवण्याचे काम तो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यावरच सोपवतो. ‘फसवणूक’ हा शब्दही जपून वापरावा. फसवणुकीत हेतू सिद्ध करावा लागतो. दोष किंवा त्रुटी यांत तसे करण्याची गरज नसते. सोपी वाट असताना अवघड वाट कशाला धरायची?

हाच अर्ज असा लिहिता येईल :

“मी दि. १२ जून रोजी आपल्याकडून रु. ४६,००० इतक्या किमतीचा लॅपटॉप विकत घेतला (पावतीची प्रत सोबत). त्यावर एक वर्षाची वॉरंटी आहे. मी कुरखेडा येथे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम स्वतः करतो व हीच माझी उपजीविका आहे. दि. २ ऑगस्टपासून लॅपटॉप सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडतो. दि. ५ ऑगस्ट आणि दि. ३० ऑगस्ट रोजी तो सेवाकेंद्रात जमा केला. दोन्ही वेळा दुरुस्त झाल्याचे सांगून परत देण्यात आला, परंतु तोच दोष पुन्हा उद्भवला (दोन्ही जॉबशीटच्या प्रती सोबत). दि. २० सप्टेंबरपासून लॅपटॉप सेवाकेंद्रात पडून आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत लॅपटॉप बदलून द्यावा अथवा रु. ४६,००० परत करावेत. तसे न झाल्यास मला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागेल.”

दुसऱ्या अर्जात भावना व्यक्त करणारे एकही विशेषण नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. राग वाक्यांतून निघून गेला आहे आणि त्याची जागा तारखांनी घेतली आहे. मागणी एक आहे, तिला पर्याय एक आहे, आणि मुदत मोजता येते. क्रियापदे ‘घेतला’, ‘जमा केला’, ‘उद्भवला’ अशी घटना सांगणारी आहेत.

येथे बोलीविषयी दोन शब्द. कुरखेडा परिसरातील विद्यार्थ्यांच्या घरात झाडीबोली असते, काहींच्या घरात गोंडी किंवा छत्तीसगढी असते, आणि ‘आपले मराठी शुद्ध नाही’ या संकोचापायी अनेकजण अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतात. दुसरा माणूस त्यांना छापील, अलंकारिक आणि घटनाशून्य मराठी लिहून देतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीने कोणाची तक्रार फेटाळली जात नाही. तारीख चुकली तर मात्र अडचण होते. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यानेच घटनांचा क्रम लिहावा, शुद्धलेखन हवे तर दुसऱ्याने तपासावे.

६.२.६ पायऱ्या आणि आयोग

पत्र दुकानदाराला व कंपनीला स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपावी. ऑनलाइन खरेदीत संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करावे, असे २०२० चे ई-वाणिज्य नियम सांगतात. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन कंपनीशी संपर्क साधून तडजोड घडवू शकते. आदेश देऊ शकत नाही. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात, म्हणून ही पायरी वगळू नये. मात्र तिच्यावर विसंबून वर्षे घालवू नयेत, कारण तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते आणि नुसता पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ही मुदत वाढत नाही.

२०१९ च्या कायद्याने केलेला एक बदल कुरखेड्यासारख्या गावासाठी सर्वांत मोलाचा आहे. पूर्वी तक्रार कोठे करायची हे विरुद्ध पक्ष कोठे आहे किंवा कारण कोठे घडले यावरून ठरत असे. आता तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगातही ती करता येते. लॅपटॉप नागपुरात घेतला, कंपनीचे कार्यालय बंगळूरुला, तरी तक्रार गडचिरोलीच्या आयोगात. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय २०२० मध्ये ई-दाखिल या यंत्रणेने झाली, आणि दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची मागणीही करता येते. संगणक बिघडलेल्या माणसाने ती कोठून करायची, हा विनोद आपण येथे सोडून देऊ.

तक्रार दाखल करून घेतल्यावर विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. एकूण ४५ दिवसांची ही मर्यादा बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेतील तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात याहून अधिक काळ लागतो, हे मनाशी धरून चालावे. आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते. कंपनीने अपील केल्यास आदेशित रकमेच्या निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

महाराष्ट्रातील जिल्हा आयोगांचे अनेक आदेश मराठीत असतात आणि त्यांचे वाचन हा मराठीच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम अभ्यास आहे. एकाच कायद्याची भाषा प्रदेशानुसार कशी बदलते, हेही त्यांत दिसते : विदर्भात ‘विरुद्ध पक्ष’ किंवा ‘गैरअर्जदार’, तर पश्चिम महाराष्ट्रात ‘जाबदेणार’ किंवा ‘सामनेवाले’. ‘मानसिक व शारीरिक त्रासापोटी’ आणि ‘तक्रारीच्या खर्चापोटी’ या दोन शीर्षांखाली रक्कम दिलेली आढळते. ती मिळावी अशी इच्छा असेल तर तक्रारीच्या शेवटच्या परिच्छेदात तशी वेगळी मागणी करा, आणि प्रवासाची तिकिटे जोडा.

६.३ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ यांतील भेद प्रिंटरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. कुरखेड्यातील एका महिला बचत गटाने हिशेबासाठी संगणक घेतला आणि तो सहाव्या महिन्यात बंद पडला. सेवाकेंद्राने विद्युतदाबाचे कारण सांगून दुरुस्ती नाकारली. गटाच्या अध्यक्षांच्या वतीने कंपनीला दोनशे शब्दांत पत्र लिहा. पत्रात ‘फसवणूक’, ‘योग्य ती कार्यवाही’ आणि ‘वारंवार’ हे शब्द येता कामा नयेत.

३. तुमच्या बोलीत एखाद्या नातेवाइकाने सांगितलेली खरेदीतील अडचण जशीच्या तशी लिहून घ्या. तिच्यातील तारखा, रकमा आणि व्यक्तींची कामे अधोरेखित करा. मग त्याच मजकुरावरून जिल्हा आयोगाला उद्देशून तक्रारीचा मसुदा तयार करा आणि बोलीतील कोणता तपशील प्रमाणभाषेत येताना गळला, ते अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात मांडा.